अंगावरचं ठिगळ

१

देवळाली कॅम्पात दुपारची जेवणं उरकली की खिडक्यांच्या काचा थरथरतात. तोफखान्याचा सराव असतो. नवा पाहुणा दचकून पाणी सांडतो, गावचा माणूस ताकाचा दुसरा पेला मागतो. मीना पाळदे त्या आवाजातच सुईत दोरा ओवायची आणि तिचा नेम कधी चुकत नसे.

मीना रफूचं काम करायची. साडीला पडलेलं भोक ती असं बुजवायची की नेसणारीलाही नंतर सापडू नये. मूलबाळ नव्हतं; घरात दोघंच, ती आणि शेखर. शेखर अंबडच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जायचा, दुपारी घरी यायचा आणि आल्यापासून झोपेपर्यंत बोलायचा. त्याच्या बडबडीला शेजारीपाजारी कंटाळत, मीना कधीच नाही. तिच्या माहेरी सगळे मुक्यासारखे जेवायचे. या माणसानं तिला हसायला शिकवलं होतं. तो कधी बोलायचा थांबेल ही कल्पनाही तिला सोसत नसे.

सिंहस्थ पुढच्या वर्षावर आला होता आणि नाशिकचे रस्ते जिकडे तिकडे खोदून ठेवलेले होते. अशा रस्त्यांनी रिक्षात पेटी सांभाळत गायधनी सर आले. सर इतिहासाचे निवृत्त शिक्षक. लोक पितळी भांडी जमवतात, सर जुने लष्करी गणवेश जमवायचे.

"मीनाताई, पुण्याचे एक गृहस्थ हे सगळं घेतायत," सर म्हणाले. "पण माणूस फार चिकित्सक. कुठलं ठिगळ शिवलेलं आणि कुठलं चिकटवलेलं, ते त्यांना ठिकाण दाखवून पाहिजे. चिकटवलेल्याखालचं कापड खराब होतं म्हणतात."

"होतं ना. खालचं कापड गुदमरतं," मीना म्हणाली. "चिकटवलेलं दिसलं की तिथं पांढऱ्या दोऱ्याचा एक टाका घालून ठेवते. चालेल?"

काम तिच्या आवडीचं होतं. आधी कापडावर तोंडाची वाफ सोडायची आणि वास घ्यायचा. सरस असेल तर कातड्याचा वास येतो, रबराचं सोल्यूशन असेल तर पंक्चरच्या दुकानाचा. मग कापड दुमडून बघायचं. चिकटवलेली जागा दुमडायला कुरकुर करते. शेवटी मागच्या खोलीची दारं-खिडक्या लावून नोटा तपासायचा निळा दिवा धरायचा. लोकर काळीच राहते, गोंद उजळतो. पण साबणाची पावडरही उजळते, म्हणून एकट्या दिव्यावर ती कधी विसंबत नसे. नाक, बोटं आणि दिवा, तिघांनी हो म्हटलं तरच टाका.

चार कोट निमूट झाले. कुठे कोपरा चिकटवलेला, कुठे बिल्ल्यामागे खळ. पाचव्या खाकी कोटावर दिवा धरला आणि मीनाचा हात थबकला.

कोटभर ठिगळं होती. उजव्या खांद्यावर, पाठीवर, दोन्ही बरगड्यांवर, मानेखाली. सगळ्यांचे कोपरे गोल कापलेले, लोकरीची वीण खालच्या विणीशी तंतोतंत जुळवलेली. दिवसाच्या उजेडात तिलासुद्धा एकही दिसलं नव्हतं. आणि टाका एकही नव्हता. इतका हात असलेल्या बाईनं चिकटवावं कशाला? बाई हा शब्द आपल्या मनात कुठून आला तेही तिला कळलं नाही.

तिनं खिडकी उघडून कोट टेबलावर नीट पसरला. तो नीट पसरेना. टेबलावर चिकटवलेलं ठिगळ सपाट वाळतं. ही सगळी गोलाईनं वाळली होती, खांद्यावरचं खांद्याच्या गोलाईनं, बरगडीवरचं बरगडीच्या. रिकामा कोट टेबलावर थोडा फुगून बसला होता, कितीही दाबला तरी.

२

दुसऱ्या दिवशी तिनं खांद्यावरच्या ठिगळावर गरम ओला फडका ठेवला आणि बोथट पट्टीनं त्याची एक कड उचलली. कोटाला अस्तर नव्हतं. गोंद लोकरीतून आरपार जाऊन आतल्या बाजूला वाळला होता. तिनं भिंग धरलं.

आतल्या गोंदावर रेषा होत्या. बोटाच्या सांध्यावर असतात तशा बारीक, एकमेकींना छेदणाऱ्या. त्यात दोन-तीन आखूड केस अडकलेले होते.

मीनानं भिंग खाली ठेवलं आणि हात धुऊन आली. हात का धुतले ते तिला सांगता आलं नसतं. ठिगळ लावलं तेव्हा कोट कुणाच्या तरी उघड्या अंगावर होता, एवढं स्पष्ट होतं. असेल, तिनं स्वतःला समजावलं. थंडी असेल. घाई असेल. लढाईच्या धामधुमीत कोण कोट काढून टेबलावर पसरतो?

पण मग तिनं बाकीच्या ठिगळांचा वास घेतला. पाठीवरचं सरसाचं होतं, फार जुनं. एका बरगडीवरचं गव्हाच्या खळीचं, दुसरीवरचं सोल्यूशनचं. मानेखालचं पांढऱ्या गोंदाचं, शाळेतली पोरं बाटलीतून वापरतात त्या. त्याचा आंबूस वास अजून उडालेला नव्हता. कोट साठ वर्षांचा आणि ठिगळ कालपरवाचं. प्रत्येकाच्या आतल्या बाजूला त्या रेषा होत्या, आणि ठरल्याप्रमाणे प्रत्येकाशेजारी तिनं एक पांढरा टाका घातला. म्हणजे इतकी वर्षं, निरनिराळ्या घरांत, कोणी ना कोणी हा कोट अंगात घालून उभं राहिलं होतं आणि कोणी ना कोणी त्याला ठिगळ चिकटवत होतं.

संध्याकाळी गायधनी सर चौकशीला आले तेव्हा तिनं विचारलं, "सर, हा कुठून आणलात?"

"हा ना? लॅम रोडच्या मागे एक बंगला आहे, तिथून. बाईंनी स्वतः बोलावून दिला. एकट्या त्याच बोलत होत्या. मिस्टर व्हरांड्यात आरामखुर्चीत, तोंडात दात कोरायची काडी. मी दोनदा नमस्कार केला, तर गृहस्थानं काडी काही काढली नाही तोंडातली." सर हसले. "बाई म्हणाल्या, त्यांना आता बोलवत नाही. कोट घेऊन जा, आता त्याची गरज नाही. का हो? काही खोट आहे का?"

"नाही," मीना म्हणाली. "खूप ठिगळं आहेत, एवढंच."

३

शेखरला विशीत भरतीतून परत पाठवलं होतं. छाती अर्धा इंच कमी भरली. "देशाचं नशीब बघ," तो म्हणायचा, "अर्ध्या इंचासाठी असला मोहरा गमावला." हा विनोद मीनानं हजारदा ऐकला होता आणि त्याच्या तळाशी काय आहे ते तिला ठाऊक होतं.

सर येऊन गेल्याच्या दुसऱ्या दुपारी ती परसात वाळलेले कपडे काढत होती. हातात कपड्यांचा ढीग घेऊन आत आली, तर आरशासमोर एक शिपाई पाठमोरा उभा. तिच्या हातातले कपडे खाली पडले.

"टेलरबाई, सलाम ठोका!" शेखर वळून हसला. आत बनियनही नव्हता. "बघ कसा बसलाय. माझ्याच मापाचा."

तो त्याच्या मापाचा नव्हता. कालच मीनानं टेप लावला होता. शेखरला छातीत चांगला दोन बोटं तोकडा होता. आता मात्र कुठे ओढलेला नव्हता, कुठे ढिला नव्हता. खांद्यावर तिनं उचललेलं ठिगळ मोकळं होऊन लोंबत होतं.

"काढा आधी तो. कुणाचा कोण जाणे, मेलेल्याचा असेल."

"काढतो गं. हे वरचं बटण हट्टाला पेटलंय." तो बटणाशी झटला, मग सोडून दिलं. "तोवर ते ठिगळ लावून टाक. सर आज न्यायला येणार ना? लोंबतं ठिगळ देणार त्यांच्या हातात?"

सवयीनं मीनानं सुई उचलली आणि थांबली. तिला शिवण शिकवलं भगूरच्या सखुबाई मावशीनं. मावशीनं पहिल्या दिवशी सुई हातात दिली तेव्हाच नियम सांगितला होता: अंगावरचा कपडा शिवायचा नाही. नाइलाज असेल तर ज्याच्या अंगावर आहे त्यानं दातात काडी धरायची. आजवर मीनानं हा नियम एकदाही मोडला नव्हता.

"ही घ्या काडी. दातात धरा," ती म्हणाली.

"मी काय बैल आहे का कडबा चघळायला? आणि काडी धरली तर बोलू कसा?"

वाद घालायला वेळ नव्हता. नियम सुईचा होता. मीनानं सुई उशीत खोचली आणि पांढऱ्या गोंदाची बाटली घेतली. ठिगळाखाली हलका हात फिरवला, कड कडेला जुळवली आणि तळहातानं दाबून धरलं. शेखर काहीतरी सांगत होता, कारखान्यातल्या मुकादमाची गंमत. "...तर तो मला म्हणतो कसा, पाळदे..."

तोफ उडाली. काच थरथरली. मीनाच्या तळहाताखालचा खांदा एकदम गरम झाला.

पाळदेच्या पुढे काय ते शेखरनं सांगितलंच नाही. वरचं बटण आपसूक सुटलं. त्यानं कोट उतरवला तेव्हा जखमेवरची चिकटपट्टी ओढावी तसा आवाज आला, पार मानेपासून कमरेपर्यंत.

"दुखलं का हो?"

"नाही," शेखर म्हणाला. आणि जाऊन झोपला.

४

त्या संध्याकाळी सर कोट घेऊन गेले. मीनाला हायसं वाटलं, पण ते रात्रीच्या जेवणापर्यंतच टिकलं.

आमटीत मीठ घालायचं ती विसरली होती. शेखरनं ताट स्वच्छ केलं. एरवी त्यानं मिठाच्या सत्याग्रहापासून सुरुवात केली असती. दुसऱ्या दिवशी न्हाणीघरात गाणं नाही. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "तुम्हाला बरं नाही का?" तर त्यानं मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही.

तो आता ताठ बसायचा. अंगातला शर्ट काढायचा नाही, अंघोळीहून येतानाही गळ्यापर्यंत बटणं लावून यायचा. मीनानं मनाशी कारणं रचली. कारखान्यात कटकट असेल. कपात होणार म्हणतात. पुरुष माणूस आहे, मनात ठेवत असेल. सगळी कारणं चांगली होती. तिचा मात्र एकावरही विश्वास बसत नव्हता.

मग तिला ती गोष्ट दिसली. दुपारी शेखर खुर्चीत बसला होता आणि मीना समोर तांदूळ निवडत होती. शेखरनं मान खाली घातली, कोणी वरून दाबल्यासारखी. पाठोपाठ तोफेचा आवाज आला आणि काच थरथरली. मान वर झाली. थोड्या वेळानं पुन्हा मान खाली गेली, आणि मग तोफ.

आवाजाआधी. दर वेळी आवाजाआधी. मीनाच्या सुपातले तांदूळ सांडले. तिला इतकी भीती वाटली की ती स्वयंपाकघरात जाऊन मोरीशी उभी राहिली आणि नळ सोडून रडली.

५

भगूर काही लांब नाही. सखुबाई मावशी ओसरीवर गोधडी घालत बसली होती. नजर गेली होती, बोटं अजून टाके घालत होती.

"मावशी, अंगावर शिवताना काडी कशाला गं धरायची?"

"आता इचारतीस व्हय? केस पिकाया लागले असतीन तुझे." मावशी हसली. "अंगावर कापड शिवत्यात ते मढ्याच्या. जित्यानं दातात काडी धरायची, म्हंजी बघणाऱ्याला कळावं का ह्यो जिता हाय. मढ्याच्या दातात काडी ठरत नाय. पडती."

"आणि शिवलं नाही, चिकटवलं तर?"

मावशीची सुई थांबली. "अंगावर?"

मीनानं मावशीच्या मांडीवरची गोधडी सारखी केली.

"कोणाच्या गं, मीने?"

"कोणाच्या नाही. असंच विचारलं."

"शिवल्यालं उसवता येतं, पोरी," मावशी हळू आवाजात म्हणाली. "चिकटवल्यालं कसं उसवशीन?"

परतीच्या रिक्षात मीनाला सगळं एकदम कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं. त्या ठिगळांना टाका का नव्हता? ठिगळं लावणाऱ्या सगळ्या बायका तिच्यासारख्याच होत्या. हात चांगला, नियम पक्का. समोर नवरा किंवा मुलगा कोट घालून उभा, बटण सुटत नाही. अंगावर शिवायचं नाही हे त्यांनाही कोणीतरी शिकवलं होतं. म्हणून प्रत्येकीनं सुई खाली ठेवली आणि गोंद घेतला.

६

गायधनी सर कोट घेऊन परत आले ते जरा घुश्श्यातच.

"मीनाताई, माझी शोभा झाली. पुण्याचे गृहस्थ म्हणतात, या कोटावर ठिगळ कुठाय? चांगल्या कापडावर टाके घालून ठेवलेत म्हणे."

"असं कसं होईल सर? मी स्वतः..."

"बघा की."

मीनानं कोट घेतला. तो हातात मऊ लोंबला. टेबलावर टाकताच सपाट पसरला. तिनं वाफ सोडून वास घेतला. नुसती जुनी लोकर. दुमडून पाहिला; कुठे कुरकुर नाही. सरांना मागच्या खोलीत नेऊन तिनं खिडकी लावली आणि निळा दिवा धरला.

कोट काळा होता. मानेपासून खालपर्यंत एकसंध काळा, आणि त्यावर तिचे पांढरे टाके तेवढे उजळत होते, जिथं काहीच नव्हतं त्या जागा दाखवत. खांद्यावर एक. पाठीवर. दोन्ही बरगड्यांवर. मानेखाली.

"दिसलं?" सर म्हणाले. "चुकतं माणसाचं. मनाला लावून घेऊ नका."

"हो," मीना म्हणाली. "चुकलं माझं." तिचे दात वाजत होते. थंडी आहे, असं सर म्हणाले आणि तीही हो म्हणाली.

७

शेखर पाळीहून आला, जेवला आणि मागच्या खोलीत जाऊन पालथा झोपला. मीना दारात किती वेळ उभी होती कोण जाणे. शेवटी तिनं आत जाऊन खिडकी लावली. कडी लागल्याचा आवाज झाला, तरी तो हलला नाही.

तिनं खालून हात घालून त्याच्या शर्टाची बटणं काढली आणि शर्ट हळूच पाठीवरून खाली ओढला. पाठ पूर्वी होती तशीच होती, तिच्या ओळखीची. डाव्या खांद्याजवळचा तीळसुद्धा होता. तिचा जीव जरा भांड्यात पडला. मग तिनं दिवा लावला.

खांद्यावर चौकोन उजळला. गोल कोपऱ्यांचा. मग पाठीवरचा. बरगड्यांवरचे. मानेखालचा. साबण असेल, ती पुटपुटली, साबणाची पावडरसुद्धा उजळते. तिनं वाफ सोडून वास घेतला. खांद्याला पांढऱ्या गोंदाचा वास होता. पाठीला कातड्याचा, जुन्या सरसाचा. नाक, दिवा, आणि आता बोटं. तिनं बोट फिरवलं. खांद्यावरची कड थोडी सुटली होती. तिनंच लावली होती ती, घाईत.

मीनानं ती कड नखानं उचलली. फार नाही. तांदळाचा दाणा मावेल इतकीच.

आत रक्त नव्हतं, मांस नव्हतं. खाकी लोकर होती, आणि ती श्वासाबरोबर वरखाली होत होती.

तिनं दिवा विझवला. ओरडावंसं वाटत होतं, पण ओरडून बोलवायचं कोणाला? जो धावत आला असता तो समोर झोपलेला होता. तिनं खिडकी उघडली. उन्हात तो पुन्हा शेखर झाला, कानाजवळ केस पांढरे झालेला, तीळवाला, तिचा. तिनं त्याला खांद्याला धरून उताणा केला. त्याचे डोळे उघडे होते.

"अहो," ती म्हणाली. "काहीतरी बोला ना. मुकादम काय म्हणाला होता? पाळदे, पुढे काय?"

त्यानं मान खाली, छातीशी दाबली. मग तोफ उडाली आणि काच थरथरली.

मीना झाडूची एक स्वच्छ काडी मोडून घेऊन आली. धुतली, पुसली. त्याचे ओठ अलगद उघडले आणि काडी दातांत ठेवली. "धरा," ती म्हणाली. "धरा हो. एवढं माझं ऐका."

काडी उशीवर पडली.

तिनं पुन्हा ठेवली, जरा आत. खालचा जबडा हातानं वर दाबला. हात काढला. काडी पडली. ती रडत होती आणि समजावत होती, लहान मुलाला घास भरवताना समजावतात तशी, आणि काडी परत परत पडत होती.

मग ती उठली. कामाच्या टेबलावर गोंदाची बाटली होती. झाकण वाळून घट्ट बसलं होतं, ते तिनं पदरानं धरून उघडलं. काडीच्या टोकाला एक थेंब लावला, खालच्या ओठाच्या आत एक. काम नीट झालं पाहिजे, कड दिसता कामा नये. तिनं काडी दातांत बसवली, ओठ ओठाला जुळवला आणि तळहातानं दाबून धरलं.

संध्याकाळी दूधवाला आला तेव्हा शेखर ओट्यावर खुर्चीत बसला होता. दूधवाल्यानं रामराम घातला. साहेबांनी काडी काही तोंडातून काढली नाही.

"त्यांना आता बोलवत नाही," मीना आतून म्हणाली आणि पातेलं घेऊन बाहेर आली.